एकोणिसाव्या मजल्यावरचे बांगडे

थोडं वर बघा. अजून वर. सकाळचं धुकं डोंगरावरून उतरून ज्या गॅलरीत टेकतं ना, तिथूनच बोलतोय मी. मुलुंडच्या एका टॉवरमधला, एकोणिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. खाली सिमेंट कालवल्याचे आवाज, मग एकाएकी चहूबाजूंनी नुसतं आभाळ. रंग लागला, कुलूप लागलं आणि मी पेंगत पडलो. घारी खिडकीसमोरून तरंगत जायच्या. माणूस नसलं की घराला झोपच येते.

मला जागं केलं ते नितेशने. तो कबड्डीतला चढाईपटू. वाढला भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत, आता टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळायचा. सोबत त्याचा मॅनेजर होता.

"अंधेरीत बघ यार," तो सारखा म्हणत होता, "सगळे प्लेयर तिकडेच राहतात. एअरपोर्ट जवळ, जिम जवळ."

खेळाडू घर कसं बघतात ते मला त्या दिवशी कळलं. इतर लोक आधी देव्हाऱ्याची जागा शोधतात. याने लिफ्ट बंद पडते का विचारलं, बाथरूममध्ये बर्फाचा टब मावेल का ते पाहिलं. मग बेडरूमचं दार लावून डोळे मिटून उभा राहिला. शांतता ऐकत होता. सराव करून आल्यावर दुपारची झोप लागावी, एवढंच त्याला हवं होतं. चाळीत ती कधी मिळालीच नव्हती. शेवटी गॅलरीत जाऊन वाकला. लांब टेकडीवर निळ्या ताडपत्र्या दिसत होत्या.

"हाच घेऊ," तो म्हणाला. "आयेला इथून भांडुप दिसेल."

आये म्हणजे मालन. मूळची कणकवलीकडची, नवरा गिरणीत होता तो कधीच गेला. ती पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या गुळगुळीत फरशीवर चपला हातात घेऊन चालत होती.

"वारो बरो आसा रे," गॅलरीतून ती म्हणाली. "पण मानूस एक दिसणा नाय."

तरी रमली. नितेश दुपारी झोपला की ती दबक्या पावलांनी फिरायची, कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. पडदे हलायचे, डोंगराची सावली भिंतीवरून सरकत जायची, आणि त्या दमलेल्या शरीराचा श्वास ऐकत मीही तरंगायचो. तेव्हा वाटायचं, आपण घर नाहीच, आभाळात नांगर टाकलेलं एक गलबत आहोत.

बिल्डिंगने नितेशचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. लिफ्टमध्ये लोक त्याच्या खांद्याला हात लावून बघायचे. नंतरच्या रविवारी मालनने बांगडे तळले.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. फार गोड बोलले. "मम्मी, आम्ही सगळे नितेशभाईंचे फॅन. फक्त तो वास... पॅसेजमध्ये येतो. जरा सांभाळून घ्या ना." नितेश आत झोपला होता. दार मालनने उघडलं होतं. ती नुसती मान हलवत राहिली.

मग नितेश लीगसाठी गेला, गावोगाव फिरत राहिला. इथे मालनने जुनी साडी फाडून किचनच्या खिडकीच्या फटीत बोळे कोंबले. कोंडलेल्या धुरात खोकत मासे तळले. तरी बेल वाजलीच. त्यानंतर तिने मासे आणणं सोडलं. मग गुणगुणणंही. कुळथाची पिठी आणि भात घेऊन गॅलरीत बसायची, टेकडीकडे बघत. मला हात असते तर ते बोळे मीच उपसून काढले असते.

नितेश परतला तो भुकेला. "आये, तिखलं कर ना झकास."

"माका आता मासे नको वाटतत."

आई खोटं बोलली की मुलाला कळतं. त्याने किचनमध्ये जाऊन बघितलं. फटीतला साडीचा बोळा उपसून हातात घेतला. मग काय झालं ते सगळं तिच्याकडून वदवून घेतलं आणि तडक खाली सेक्रेटरींकडे गेला. वर आला तेव्हा चेहरा लाल.

"कुठेच लिहिलेलं नाहीये, आये! मीच विचारलं. नियमच नाही असा. तू कर, बघतो कोण येतो ते."

"आनि मगे? रोज दारात तू उभो ऱ्हवतलस?" मालन म्हणाली. "भांडान माका शेजार मेळतलो नाय रे. चढाईक गेल्लो गडी गुण घेवन आपल्या अंगणात परत येता मा? आपणय जावया."

नितेश खाली बसला, तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून. जगाला पाडणारा तो गडी माझ्या फरशीवर लहान मुलासारखा रडला.

भांडुपला, तो लहानपणी खेळला त्या मैदानापाशी त्यांनी घर ठरवलं. तिथे दुपारी झोप लागणार नाही, हे त्याला माहीत होतं. निघायच्या दिवशी त्याने माझी एकूणएक खिडकी उघडली आणि मालनने बांगडे तळले. वारा नुसता घरभर धावत होता.

बेल वाजली. नितेश मुठी आवळूनच गेला. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या वसुधाताई. एकट्या राहायच्या, कधी कुणाशी बोलायच्या नाहीत.

"मालवणचं माहेर माझं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इथे आल्यापासून मासे केलेच नाहीत... तुम्ही खिडकी लावून घेत होतात, मला कळत होतं हो. बोलायला हवं होतं मी."

मालनने पाट मांडला नाही, टेबल पुसलं नाही. सामान बांधलेल्या खोक्यावरच ताट ठेवलं. दोघी बोटांनी काटे काढत माहेरच्या नदीबद्दल बोलत राहिल्या. नितेश बाजूला उभा राहून नुसता वाढत होता.

संध्याकाळी टेम्पो गेला.

आता दलाल लोकांना घेऊन येतो. "इथे मोठा प्लेयर राहून गेलाय," म्हणतो. तो का गेला, ते सांगत नाही. लोक डोंगर बघतात, वाहवा करतात. मी पुन्हा पेंगायला लागलोय.

तुम्ही आलात तर डोंगर बघाच. पण त्याआधी समोरच्या दाराची बेल वाजवा. कधीकधी तिथली खिडकी उघडी असते हल्ली, आणि बांगड्यांचा वास येतो.