चावी माझ्या पोटात आहे

मी मदरबोर्ड बोलतोय. गोंदियातल्या एका कॉम्प्युटर दुकानात, काउंटरखालच्या पोत्यात पडून आहे. अंगावर दोन निकामी कीबोर्ड आहेत. सोबत चांगली आहे, बोलत नाहीत.

माझा चिपसेट एच६१०, म्हणजे बेताच्या ऐपतीचा. दवनीवाड्याचे धनलाल पटले कॉम्प्युटर घ्यायला आले, तेव्हा दुकानदार छोटेलालनं शेजारी बी६६०वाला बोर्डही ठेवला होता. त्याला रॅमच्या चार खाचा, मला दोन. धनलालांनी बैल पारखावे तसं आम्हाला उलटून पाहिलं.

"आवाज कोणाचा चांगला?"

"दोनों का सेम, काका. साउंड की चिप बोर्ड में ही है."

"मंग हाच द्या. चार खाचा कायले?"

इतका शहाणा प्रश्न त्या दुकानात मी पुन्हा ऐकला नाही.

त्यांची बायको शामकला आजारी होती. लेक रविताच्या लग्नात हळद लावताना आईनं म्हणायची पवारी बोलीतली गाणी त्यांनी आधीच माइक लावून शामकलाकडून म्हणवून घेतली. मधेच तिला ठसका लागला.

"खोकला काढून टाका जी," ती म्हणाली.

"राहू दे. तुयाच हाय."

गाणी डिस्कवर गेली. डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं होतं आणि त्याची चावी माझ्या चिपसेटमध्ये. हे कोणाला ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी शामकला गेली.

यंदा रविताचं लग्न ठरलं आणि नेमकी माझी आवाजाची चिप मुकी झाली. बाकी मी धडधाकट होतो. अंगठ्याएवढं साउंड कार्ड बाहेरून खोचलं असतं तरी भागलं असतं. पण लग्नघरात सुपापासून पडद्यापर्यंत सगळं नवं लागतं. चार खाचांना नको म्हणणारे धनलालच म्हणाले, "लगन हाय. जुना काढा, मोठा टाका." गिऱ्हाईक मोठं मागत असताना लहान सुचवणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे.

मी दुकानातल्या पोत्यात आलो, नवा बोर्ड त्यांच्या घरी सुरू झाला. डिस्कनं चावी मागितली.

हळदीच्या सकाळी धनलाल दुकानात आले. "जुना बोर्ड कुठी हाय?"

"चाबी उसी में रह गई, काका. पर वो तो कबाडी ले गया होगा."

"पाहा ना जरा."

छोटेलालनं मागचं एक पोतं झटकलं. काउंटरखाली तो वाकला नाही. कंबर दुखते म्हणे.

धनलाल स्टुलावर बसले. मी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतो. विजेशिवाय मला साधा दिवाही लावता येत नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रविता होती.

"बाबूजी, बाया थांबल्या. आईचं गाणं भेटलं का?"

"येऊन राहिलो, बाई," ते म्हणाले आणि रिकाम्या हातांनी उठले.

हळद झाली असेल. पोरगी सासरी गेली असेल. डिस्क अजून दवनीवाड्यालाच आहे. दुकानात येणाऱ्यांनो, छोटेलालला एकदा खाली वाकायला सांगा. कबाडीची गाडी बाजाराच्या दिवशी येते.