लांबीला आटलेलं गाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला, भिंतीवर टांगायचा. माझ्या अंगावर टाचण्यांची इतकी भोकं आहेत की उजेडासमोर धरलंत तर तुम्ही मला चाळणीच म्हणाल. खुशाल म्हणा. त्यातलं एकेक भोक म्हणजे कुणाच्या तरी दारात पोचलेली नर्स आहे, आणि याचा मला आजही अभिमान वाटतो.

मला घडवायला दोन वर्षं लागली. मोजणीवाले साखळ्या ओढत उन्हातान्हात हिंडले, टेकडी चढले, ओढे ओलांडले. मग एका चित्रकाराने मान मोडेपर्यंत वाकून माझी एकेक रेघ काढली. छापखान्यातून निघालो तो थेट गृहभेट सेवेच्या कचेरीत आलो. जे रुग्ण दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी नर्स पाठवायची, हे या कचेरीचं काम. पाच सिस्टर, एक टेलिफोन, आणि टेलिफोनवर काकू.

काकू शिंप्याची लेक. माझ्याकडे पहिल्यांदा पाहताना त्यांनी मला अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाहिलं, ताग्यावरचं कापड पाहतात तसं. मग एक जाड दोरा आणला आणि माझ्या मापाच्या पट्टीवर ताणून त्याला गाठी मारल्या. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत एक किलोमीटर. सिस्टरांची घरं लाल टाचण्यांची, रुग्णाचं घर निळ्या टाचणीचं. फोन आला की काकू निळी टाचणी टोचायच्या, दोरा एकेका लाल टाचणीपर्यंत ताणायच्या, आणि जी जवळ निघेल तिला फोन लावायच्या. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागत नसे. तेव्हाच्या डॉक्टरीणबाई पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून सांगायच्या, "ही आमची सहावी सिस्टर. कधी रजा मागत नाही." मी भिंतीवर जरा ताठ होत असे.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. टाचण्यांचा डबा, खिडकीतून येणारं सकाळचं ऊन, आणि दोऱ्याला काकूंच्या हातांचा येणारा साबणाचा वास.

मग डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या, नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून संगणक आला. त्याचं टेबल नेमकं माझ्यापुढे ठेवलं गेलं. माझा खालचा अर्धा भाग त्याच्याआड गेला, आणि वरच्या भागात कुणीतरी खिळा ठोकून कॅलेंडर लटकवलं. टाचण्या काढल्या गेल्या. काकूंच्या कानाला हेडफोन लागला. साहेबांनी त्यांना सांगितलं, "काकू, आता आपलं डोकं चालवायचं नाही. यादीत पहिलं नाव येईल त्यांना पाठवायचं." काकूंनी दोरा गुंडाळून खणात ठेवला. मी तुमच्यापाशी कशाला लपवू, मला त्या यंत्राचा फार राग आला.

ते काम बसवून द्यायला एक तरुण मुलगी आली होती. मी तिला चष्मेवाली म्हणतो. हुशार होती, चहा पिता पिता मला सारखी कोपराने घासायची, एवढीच काय ती तक्रार. तिने सगळी घरं नकाशावर कुठे आहेत त्याचे आकडे भरले आणि कचेरीतून जाणाऱ्या लांब रस्त्यावर तपासणी केली. कचेरीपासून बसथांब्यापर्यंत तीन किलोमीटर, यंत्र म्हणालं तीन. शाळेपर्यंत दीड, यंत्र म्हणालं दीडच. साहेब खूश झाले. पडद्यावर नकाशा नव्हता, नुसती नावांची आणि अंतरांची यादी होती.

पुढे एका दुपारी टेकडीपलीकडच्या पाण्याच्या टाकीजवळून एका आजींचा फोन आला. आजोबांची साखर उतरली होती, ते बोलेनासे झाले होते. यादीत पहिलं नाव आलं ते दक्षिण टोकाला राहणाऱ्या सिस्टरांचं. अंतर दोन किलोमीटर.

काकूंचा हात जरा थबकला. "साहेब, त्यांचं घर जरा लांब नाही का पडत?"

"काकू, मशीनला विचारलंय. मशीनला काय कुणाचं घर जवळचं नि कुणाचं लांबचं?"

काकूंनी फोन लावला. सिस्टर स्कूटर घेऊन निघाल्या आणि चाळीस मिनिटांनी पोचल्या. आजोबा वाचले, पण थोडक्यात. दारात उभ्या असलेल्या आजी सिस्टरांना म्हणाल्या, "यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंत." त्यानंतर त्यांनी सिस्टरांना उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. रोजच्या इंजेक्शनला दुसरं कुणी पाठवा, म्हणाल्या.

साहेबांनी हिशेब मांडला. दोन किलोमीटरला चाळीस मिनिटं. रस्ता वळणाचा धरला तरी एवढा वेळ लागत नाही. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मी सरळ निघाले, सरळ पोचले." गाडीचा मीटर कधीचा बंद पडलेला, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या हातात साहेबांनी कागद ठेवला. शुक्रवारी चारच्या आत लेखी खुलासा द्या, नाही तर कामावरून कमी करण्यात येईल. सिस्टरांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि निघून गेल्या.

मित्रांनो, आता माझी लाज सांगतो. त्या पाण्याच्या टाकीपासून दक्षिण टोकापर्यंत सरळ रेषेत आठ किलोमीटर आहेत. ते माझ्या अंगावरच आहेत. यंत्र चुकलं हे मला त्याच क्षणी कळलं, आणि मला आधी आनंद झाला. बरी जिरली, असं मनात आलं. सिस्टरांची पाठ दारातून बाहेर जाताना पाहिली तेव्हा कुठे तो आनंद मला टोचायला लागला.

काकूंना मात्र राहवेना. त्यांनी चष्मेवालीला फोन केला. "पोरी, तुझ्या मशीनमुळे चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय. उद्या ये आणि बघ."

गुरुवारी सकाळी चष्मेवाली आली ती दप्तर खाली टाकूनच कामाला लागली. पाचही सिस्टरांचे पत्ते तपासले. बरोबर होते. मग तिला वाटलं, अंतराचं मापच चुकतंय, मीटरच्या जागी यंत्र अंशच धरत असेल. तिचा प्रोग्राम ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभा होता, ते फ्रेमवर्क माहितीच्या साठ्याला, म्हणजे डेटाबेसला, नेमका काय प्रश्न विचारतं, तो तिने जसाच्या तसा पडद्यावर काढला आणि मोठ्याने वाचला. मापही बरोबर होतं. पुन्हा बसथांबा, पुन्हा शाळा. सगळं बरोबर. दुपारपर्यंत तिने साप साप म्हणून बरीच भुई धोपटली.

"काकू, मला तर यात चूकच दिसत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "सिस्टर खरंच कुठे थांबल्या नसतील ना?"

काकूंनी खण उघडून दोरा काढला. "ते टेबल ओढ जरा," म्हणाल्या. दोघींनी मिळून टेबल सरकवलं, कॅलेंडर काढलं, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या पायांवर उजेड पडला. काकूंनी टाकीवर एक टाचणी टोचली, दक्षिण टोकाला दुसरी, आणि गाठी मोजल्या. आठ.

"आता मी घरं सांगते, तू तुझ्या मशीनचा आकडा सांग," काकू म्हणाल्या.

दोघी बसल्या. दोऱ्यावर चार, यंत्रात चार. दोऱ्यावर सहा, यंत्रात दीड. दोऱ्यावर पाच, यंत्रात पाचाहून जरा जास्त. दोऱ्यावर बारा, यंत्रात तीन. चष्मेवाली लिहून घेत होती आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. काकू मात्र आकड्यांकडे पाहतच नव्हत्या. त्या दोरा कुठल्या बाजूला ताणला जातोय ते पाहत होत्या.

"अगं, हे कापड आटलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बाबा नवीन कापड आधी भिजवायचे. काही कापडं लांबीला आटतात, रुंदीला नाही. तुझं गाव तसं झालंय. आडवं नीट आहे, उभं आखडलंय. चाराचं एक."

चष्मेवालीने कागद पाहिला, मग मला पाहिलं. तिचा लांब रस्ता माझ्यावर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ आडवा गेला होता. तिच्या सगळ्या तपासण्या त्याच रस्त्यावरच्या. तिने कपाळाला हात लावला.

"काकू, आपण शाळेपासून काय म्हणतो? अक्षांश, रेखांश. मी त्याच क्रमाने आकडे भरले. हा संगणक आधी आडवं माप मागतो, मग उभं. म्हणजे आधी रेखांश."

"मग उलटे आकडे पाहून हा ओरडला का नाही?"

"दोन्ही आकडे नव्वदच्या आतले, त्यामुळे दोन्हीकडे बसत होते ना. त्याने मुकाट्याने आपला सगळा परिसर उचलला आणि वर ध्रुवाजवळ नेऊन ठेवला. संत्र्याच्या फोडी टोकाकडे कशा निमुळत्या होतात, तशा तिथे उभ्या रेघा एकमेकींना चिकटायला येतात. आपलं उत्तर-दक्षिण अंतर त्या रेघांमध्ये सापडलं आणि चौथ्या हिश्श्यावर आलं."

काकूंनी विचार केला. "म्हणजे आख्खं गाव तू बर्फात नेऊन बसवलंस. मग आटेल नाही तर काय होईल?"

दोघी हसल्या, पण चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन शब्दांची अदलाबदल करायला तिला क्षणभर लागला. दोनशे घरं नव्याने भरायला मात्र शुक्रवारची दुपार झाली. या वेळी तिने लांब रस्त्यावर भरवसा ठेवला नाही. प्रत्येक घर काकू दोऱ्याने मोजत होत्या आणि ती पडद्याशी ताडून पाहत होती. मला काही नवे रस्ते ठाऊक नव्हते, ते यंत्राला ठाऊक होते. तेही मी मान्य केलं.

तीन वाजता तिने साहेबांना बोलावलं आणि आजोबांच्या घराची यादी काढली. पहिलं नाव पूर्वेकडच्या सिस्टरांचं, पाच किलोमीटर. दक्षिण टोकाच्या सिस्टर चौथ्या. आठ किलोमीटर.

"चूक माझी आहे," चष्मेवाली म्हणाली. "सिस्टरांची नाही."

साहेबांनी काकूंच्या हातातून दोरा घेतला आणि स्वतः मोजायला लागले. दोन वेळा गाठ चुकली. काकूंनी टोकलं नाही. तिसऱ्यांदा आठ भरल्यावर त्यांनी दोरा काकूंच्या हातात परत दिला.

पावणेचारला सिस्टर आल्या. त्यांच्या खुलाशात एकच ओळ होती. 'मी वाटेत कुठेही थांबले नाही.'

साहेबांनी ती वाचली. "तुम्हाला दिलेला कागद मी परत घेतो, सिस्टर. आम्ही आठाचे दोन समजलो. माझं चुकलं."

सिस्टरांनी पर्समधून तो कागद काढून टेबलावर ठेवला. "माझं राहू द्या साहेब. तेवढं त्या आजींना सांगा. त्यांना वाटतंय मी त्यांच्या माणसाला वाऱ्यावर सोडलं."

साहेबांनी काकूंचा टेलिफोन ओढून घेतला आणि स्वतः नंबर फिरवला. "आजी, त्या दिवशी सिस्टर आठ किलोमीटरवरून आल्या होत्या. चुकीच्या माणसाला आम्ही पाठवलं होतं... नाही, कुठेच थांबल्या नाहीत. टेकडी ओलांडून आल्या." मग ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवून ते सिस्टरांकडे वळले. "आजी म्हणतात, सोमवारपासून इंजेक्शनला तुम्हीच या."

सिस्टरांनी तोंडावर पदर धरला. सव्वीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आम्हा म्हाताऱ्यांची रीत आहे. मी ते सांगणार नाही. माझे रंग उडाले आहेत, एक दिवस मी गुंडाळला जाणारच. माझं मागणं एवढंच आहे. कुणी उशिरा पोचलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा की तो किती लांबून आलाय. आणि समोरच्या आकड्यावर कितीही विश्वास असला, तरी ते अंतर एकदा आपल्या हाताने मोजून बघा.