बिनचूक अर्ज

परीक्षा म्हटली की थोरलीच्या अंगात वारं संचारायचं. परदेशात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी उन्हाळी भाषावर्गाने साठ प्रश्नांची लेखी चाचणी घेतली, तेव्हा बाकीचे पेन चावत बसले होते आणि ही अर्ध्या तासात मोकळी झाली. तिची एकच चूक निघाली. तीसुद्धा चूक नसून त्यांच्याच कागदावर छपाईचा दोष आहे, असं तिचं ठाम मत पडलं. छापखान्यातल्या मुद्रितशोधकाची लेक, दुसरं काय म्हणणार?

फलकावर याद्या लागल्या. पहिला वर्ग नवशिक्यांचा, सहावा सगळ्यांत वरचा. थोरली सहाव्यात. तिने फोन करून सांगितलं आणि वडिलांनी छापखान्यात दवंडी पिटली. साहजिकच होतं. ही भाषा त्यांनी ऐन तरुणपणी एका जाडजूड पुस्तकावरून एकट्याने शिकली होती, आणि मुलीला सातव्या वर्षापासून त्यांनीच शिकवली होती. मोबाईलवर ती ऐकायची सोय होती, नाही असं नाही. पण तिथली माणसं घाईत बोलतात, त्याने कान बिघडतो, आधी पाया पक्का होऊ दे, असं त्यांचं म्हणणं. पाया इतका पक्का झाला की वर भिंत बांधायची राहूनच गेली.

सहाव्या वर्गात पुस्तक नव्हतंच. बाई टेबलावर बसून पाय हलवत बोलायच्या आणि पोरं मध्येच तोंड घालून वाद घालायची. त्या गलक्यात आपल्या ओळखीचे शब्द नक्की असणार, अशी थोरलीची खात्री होती. पण एकही शब्द थांबून ओळख देईना. बाईंनी काही विचारलं तेव्हा तिने वडिलांनी शिकवलेल्या उच्चारात एक लांबलचक वाक्य ठणकावून म्हटलं. वर्ग गप्प झाला. बाईंनी पुन्हा विचारलं, हिने पुन्हा म्हटलं. शेवटी शेजारणीने कागद पुढे सरकवला. थोरलीने लिहून दिलं, आणि ते वाचून बाईंचा चेहरा खुलला. पुढे त्या काय म्हणाल्या ते मात्र कळलं नाही. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. त्यातलं गाढव व्हायची वेळ तिच्यावर जन्मात पहिल्यांदाच आली होती.

राहत्या घरीही तीच गत. घरमालकीण रात्रीच्या जेवणानंतर बराच वेळ काहीतरी समजावत होती. थोरलीने दर वाक्याला मान डोलावली. सकाळी सहाला दारावर टकटक झाली आणि तिच्या हातात कुत्र्याचा पट्टा आला, तेव्हा आपण कशाला हो म्हणालो ते तिला कळलं. कुत्र्याला मात्र घरचा रस्ता ठाऊक होता, एवढं नशीब.

बुधवारपर्यंत तिची झोप उडाली. सहा आठवड्यांनी तोंडी परीक्षा होती. पास झाली तर पुढचं वर्षभराचं शिक्षण फुकट, नाही तर गाशा गुंडाळून घरी. पास व्हायचं तर पहिल्या वर्गात जाऊन धुळाक्षरं गिरवायला हवीत, आणि वर्ग बदलायची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. पण आपणहून खालच्या वर्गात बसवा म्हणणारा विद्यार्थी तिच्या सात पिढ्यांत झाला नसेल. आणि वडिलांना काय सांगायचं?

अडलं की अर्ज करायचा, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. गुरुवारी बसून तिने विनंती अर्ज लिहिला: विषय, सविनय सादर, कारणांचे तीन परिच्छेद, आपली आज्ञाधारक. शुक्रवारी सकाळी तो कचेरीतल्या बाईपुढे ठेवला. बाईने वाचला, पलीकडच्या टेबलावरच्याला दाखवला, दोघंही कौतुकाने हसली. मग बाईने अर्जाखाली दोन ओळी खरडून तो परत दिला. इतकं सुंदर लिहिणाऱ्या मुलीने खाली का जावं? धीर सोडू नका.

थोरली बाहेर व्हरांड्यात आली. साडेअकरा वाजले होते. तिला रडूच आलं. तिने वडिलांना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

"अर्जात काय चूक राहिली?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा. म्हणून तर घात झाला."

वडिलांच्या मागे छापखान्यातलं यंत्र चालू होतं.

"आपलं बोलणं त्यांना कळतच नाही म्हणतेस? एकही वाक्य?"

"नाही कळत."

"मग लिहून देऊ नकोस," ते म्हणाले. "आत जा आणि बोल. मी शिकवलंय तसंच बोल, एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस. म्हणजे त्या बाईची खात्री पटेल."

वडिलांचं शिकवणं वडिलांच्याच विरुद्ध साक्षीला उभं करायचं, आणि तेही त्यांच्या सांगण्यावरून. फोन तसाच चालू ठेवून थोरली आत गेली. मला पहिल्या वर्गात बसवा, हे तिने स्वच्छ, सावकाश, वडिलांच्या चालीत म्हटलं. बाईने कान पुढे केला. तिने तीनदा म्हटलं. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. तिने थोरलीच्या हातातला अर्ज पुन्हा पाहिला, मुलीकडे पाहिलं, आणि काहीतरी मऊ आवाजात बोलून खण उघडला. नव्या चिठ्ठीवर आकडा घातला: एक.

"मिळाला," थोरलीने बाहेर येऊन सांगितलं.

"ऐकलं मी," वडील म्हणाले. "ती बाई शेवटी काय बोलली?"

"अर्थ नाही कळला. पण आवाज लक्षात आहे."

"तिच्यासारखं म्हणून दाखव."

तिने जमेल तसं म्हणून दाखवलं. पलीकडे यंत्र बंद झालं. मग वडिलांनी ते वाक्य तिच्यामागून म्हटलं, अडखळत, जुन्या चालीत. आजवर थोरलीने वडिलांची एकही चूक काढली नव्हती.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "असं नाही. पुन्हा म्हणा."