ट्रान्सपोर्टवाल्याची मुलगी

त्या शाळेच्या बसमधली शेवटची सीट म्हणजे सिंहासनच, आणि तिथे बसायचं ते महाराणीच्या मर्जीने. महाराणी म्हणजे दहावीतली, दारात तीन मोटारी असलेल्या घरची पोर. बसने यायची ती केवळ मैत्रिणींवर राज्य करायला. यंदा तिच्या शेजारची जागा स्कॉलरला मिळाली होती. स्कॉलर शिष्यवृत्तीवर आलेली, गणितात पक्की. "तुझे बाबा काय करतात गं?" असं विचारल्यावर तिने सांगून टाकलं होतं, "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत." आता यात खोटं काय होतं? बाबा तीच बस चालवत होते!

ही युक्ती बापाचीच. "शाळेत मी नुसता ड्रायव्हरकाका. ओळख दाखवायची नाही. तुला मैत्रिणी मिळू देत," असं त्यानेच बजावलं होतं. म्हणून ती रोज दोन गल्ल्या चालत जाऊन पुढच्या स्टॉपवर चढायची आणि बापाकडे न बघता मागे जाऊन बसायची. त्याआधी जुन्या शाळेत, ड्रायव्हरची पोर म्हणून, दोन वर्षं बिचारीने एकटीने डबा खाल्ला होता.

परवा सगळ्या सहलीला निघाल्या आणि रस्ता बंद म्हणून बस एका गल्लीत शिरली. पुढे खणून ठेवलेलं, दोन्ही बाजूंना मोटारी, वळायला जागाच नाही. क्लीनर नेमका रजेवर. आणि मागे माणूस उभा असल्याशिवाय रिव्हर्स घ्यायचा नाही हा ड्रायव्हरकाकांचा नेम, कोणी कितीही डोकं आपटलं तरी न मोडणारा. शेवटी सहलीबरोबर आलेले सर उतरले आणि बसच्या पाठीमागे अगदी मधोमध उभे राहून रुमाल हलवू लागले.

"अहो सर, दिसत नाही तुम्ही!" काका ओरडले. इंजिनाच्या आवाजात सरांना वाटलं, शाबासकीच देतायत. ते आणखी जवळ सरकले.

अरे देवा! स्कॉलरला राहवेना. मागे कुठे उभं राहायचं हे बापाने तिला आठव्या वर्षीच शिकवलं होतं. ड्रायव्हरचा चेहरा आरशात आपल्याला दिसला, तरच आपण त्याला दिसतो. ती धावत उतरली, सरांना दंडाला धरून बाजूला केलं आणि बापाचा चेहरा आरशात सापडेपर्यंत सरकत राहिली. सापडला. वर्षभरात शाळेच्या वेळात दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे सरळ पाहिलं.

"येऊ द्या! येऊ द्या! डावीकडे मारा... बास!" काय खणखणीत आवाज पोरीचा! आणि बापानेही काय गाडी काढली! दोन्हीकडे बोटभर अंतर, पण कुठे नखाएवढा ओरखडा नाही. बघत राहावं असं काम.

बस मोठ्या रस्त्यावर आली. सगळ्या खिडक्यांतून माना बाहेर, त्यात महाराणीची सगळ्यांच्या पुढे. "तुला हे कसं येतं गं?" तिने विचारलं.

पोरगी खाली बघत दाराकडे वळली. बापाने ते पाहिलं आणि तिला वाचवायला लगेच हाक दिली, अगदी परक्यासारखी. "शाब्बास गं! कोणाची मुलगी तू?"

ते ऐकलं मात्र, तिच्या काळजात कळ उठली. आपल्या बापाने आपल्याला हे विचारावं?

"तुमची," ती मोठ्याने म्हणाली. "बाबा, तुमचीच मुलगी. दुसऱ्या कोणाची असणार?"

महाराणीची मान आत गेली. स्कॉलर बसमध्ये चढली, तोवर तिच्या जागेवर कोणाचं तरी दप्तर येऊन बसलं होतं. बसू दे! ती क्लीनरच्या सीटवर, बापाच्या शेजारी, ऐटीत जाऊन बसली.

"बाबा, चला ना. उशीर होतोय."

बापाने मान डोलावली, गिअर टाकला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. समोरचा रस्ताच त्याला दिसेना.