सात पट्ट्या, एक नाव

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. लढाईतली नव्हे, बक्षिसाची. तलवारीचा एकही वार मी झेललेला नाही. माझ्या शिसवी अंगावर चांदीच्या सात पट्ट्या आहेत आणि सातही पट्ट्यांवर एकच नाव आहे: मोहियोद्दीन शेठ. त्यातली सहा नावं वादाची आहेत. सातवं सरळ खोटं आहे.

माझा जन्म औरंगाबादचा, फसली सन १३५० मधला, म्हणजे इंग्रजी १९४०च्या सुमाराचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं. थंडीत शहरात नुमाइश नावाचं प्रदर्शन भरे, आणि तिथं रेशीम-सुताचं नक्षीदार हिमरू कापड उत्तम विणणाऱ्याला वर्षभरासाठी मी मिळत असे. विणणाऱ्याला, असं कमिटीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. पण कारखान्यात विणलेलं कापड मालकाच्या नावानं मांडायचं, हा शिरस्ता. त्यामुळे सहा वर्षं शाल विणली शेठच्या कारखान्यातल्या अन्सारनं आणि मी गेले शेठच्या दिवाणखान्यात. शेठनं आयुष्यात मागावरचा धोटा हातात धरला नव्हता.

सन १३५६ मध्ये अन्सारनं ठरवलं की, या खेपेला शाल स्वतःच्या नावानं मांडायची. मेहुण्याच्या मागावर, कारखान्याचं काम उरकून, चार महिने तो विणत होता. त्याला कारणही होतं. हैदराबादच्या एका मोठ्या दुकानाचा माणूस नुमाइशीला येणार होता. ज्याला ढाल मिळेल त्याला वर्षभर शेरवानीचं कापड विणायचं काम मिळणार होतं. अन्सारला ते मिळालं असतं तर घरी स्वतःचा माग बसला असता.

परीक्षक होते काकासाहेब, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सगळ्या शाली आधी उलट्या केल्या.

"समोरून काय, सगळेच नवरदेव देखणे," ते म्हणाले. "हिमरू पाठीमागून बघावा."

शेठच्या शालीच्या पाठीवर धागे लोंबत होते, कारण ती अन्सारनं विणलेली नव्हती. अन्सारच्या शालीची पाठ साफ होती. काकासाहेबांनी पहिला नंबर अन्सारला दिला आणि तसं लिहून सही केली. दुपारचे तीन वाजले होते. चारला मोठे साहेब बक्षीस द्यायला येणार होते.

तेवढ्यात नावं कोरणारा निजामुद्दीन मला कापडात गुंडाळून घेऊन आला. त्यानं कापड सोडलं. सातवी पट्टी बसवलेली होती. तिच्यावर नाव होतं: मोहियोद्दीन शेठ.

"निजामुद्दीन, हे कधी कोरलंस?" काकासाहेबांनी विचारलं.

"आठ रोज झाले."

"निकाल तर आत्ता लागला!"

"मग मी काय करू, साब? ऐन वक्ताला सांगता तर कोरू कधी? साहेबाच्या हातात कोरी ढाल कशी द्यायची? दरसाल हेच नाव असतं, म्हणून कमिटीला विचारलं नाय. कमिटीनं बी सांगितलं नाय."

मित्रांनो, खरं सांगते, कट कोणी केला नव्हता. सवय होती. कटात निदान कोणाला तरी डोकं वापरावं लागतं.

शेठ म्हणाले, "मी काय मागितलं का? नाव आहे तर आहे."

चांदीवर कोरलेलं नाव तासाभरात मिटत नाही, म्हणून कमिटीनं तोडगा काढला. आज मंचावर ढाल शेठना द्यायची, दफ्तरात नाव अन्सारचं लिहायचं, आणि पुढच्या साली पट्टी बदलायची.

"साहेबांसमोर तमाशा नको, अन्सारमियाँ," कमिटीतले एक जण म्हणाले. "तू समजदार आहेस."

अन्सार आपल्या शालीची घडी घालू लागला. बोलली ती त्याची बायको गुलशन.

"चांदीवरचं नाव मिटत नाय म्हंता. अन् सहीच्या कागदावरचं ह्या माणसाचं लगेच मिटतं व्हय?"

काकासाहेबांनी मान खाली घातली. त्यांना सहीचा कागद घेऊन मंचावर चढता आलं असतं. ते चढले नाहीत. चार वाजता टाळ्या वाजल्या आणि मी सातव्यांदा शेठच्या हातात गेले.

हैदराबादच्या माणसानं दफ्तर पाहिलं नाही. त्यानं माझ्यावरचं नाव वाचलं आणि काम शेठला दिलं. ते कापड विणायला शेठनं अन्सारलाच बोलावलं.

"तुझ्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा?" शेठ म्हणाले. मनापासून म्हणाले.

"माझा हात तुमच्यापाशीच हाय, शेठ," अन्सार म्हणाला, "फक्त नाव नाय," आणि मागावर बसला. घरी भिंतीलगत मागासाठी मोकळी केलेली जागा गुलशननं पेट्या लावून भरून टाकली.

पुढची थंडी आली ती धामधुमीची. नुमाइश भरली नाही. त्याच्या पुढच्या थंडीपर्यंत राजवटच गेली, कमिटी गेली, दफ्तर कुठं गेलं ते कोणालाच ठाऊक नाही. फिरती ढाल म्हणून मला घडवलं, पण त्यानंतर मी कुठंच फिरले नाही. शेठच्या घरातच राहिले. पाहुणे येतात, माझ्याकडे बघून म्हणतात, "सलग सात वर्षं! वा!" मला तोंड असतं तर त्यांना बसवून हे सगळं ऐकवलं असतं.

मुलांनो, कोणाला बक्षीस देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर काम उलटून बघा, ते कोणी केलं हे विचारा, आणि नाव सगळ्यात शेवटी लिहा. चुकलात तर त्याच वेळी, सगळ्यांच्या समोर खोडा. पुढचं वर्ष येईलच, असं कोणी सांगितलंय?

माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, हळू पुसा. माझं मागणं निराळं आहे. सणासुदीला मला खाली काढाल तेव्हा चिंच आणि राख घ्या, आणि सातवी पट्टी घासा. जोरात घासा. नाव जाईपर्यंत घासा.