बावटा दोन तास खाली होता

बावटा तुम्ही उतरवायला सांगितलात. हे वाक्य आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे माझा धीर सुटला तरी तेवढं कागदावर राहील. तुमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही नावावरून भांडाल आणि बावट्याचं राहून जाईल. नवे पैसे सुरू झाले त्या वर्षीचा कार्तिक, वर्सोव्याचं बंदर, सकाळचे सव्वानऊ. जीपमधून उतरतानाच तुमची नजर खांबावर गेली होती. आठवलं?

मी तेव्हा बंदरावरच्या चौकीत शिपाई होतो. मूळचा मालवणकडचा, आठ वर्षं कोळीवाड्यात भाऊ तांडेलाच्या पडवीत राहत होतो. काम म्हणाल तर एकच. अंधेरीहून वादळाची तार आली की खांबावर काळा बावटा चढवायचा आणि वादळ टळल्याची दुसरी तार आली की उतरवायचा. मधल्या वेळात चौकी झाडायची.

खांब रोवला जायच्या आधी अख्ख्या वाड्यासाठी वारा भाऊ बघायचा. पाण्याचा रंग बघायचा, दक्षिणेकडून येणारी लांब लाट बघायचा, खाडीत येऊन बसलेली पाखरं बघायचा आणि जायचं की नाही ते सांगायचा. तो सहसा चुकत नसे. पण भांडणं व्हायची. भाऊ नको म्हणाला की दुसऱ्या होडीचा कुणी तांडेल हसायचा, म्हाताऱ्याला लुगडं नेसवा म्हणायचा. असंच एका वर्षी दोघं सख्खे भाऊ टोमण्याला चिडून गेले ते आलेच नाहीत. तेव्हा भाऊ तांडेलच जमातीत उभा राहिला. म्हणाला, माणसाच्या डोळ्यावरून माणसं मरतात, यापुढे डोळा कुणाचाच नाही. बावटा वर असेल तर एकही होडी सुटणार नाही. खाली असेल तर कुणी कुणाला अडवायचं नाही, बापाने लेकालासुद्धा नाही. खांबाच्या बुडाशी नारळ फोडून सगळ्यांनी शपथ घेतली. सरकारी खांबावर एवढा विश्वास दुसरा कुठे कुणी ठेवला असेल, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी सकाळी सातला तार आली आणि साडेसातला मी बावटा चढवला. बर्फाच्या कारखान्याची कोनशिला बसवायला मोठे पाहुणे यायचे होते. पाहुण्यांच्या मांडवासमोरून वीस होड्या शिडं उभारून मढच्या अंगाला जाऊन परत येणार होत्या. सजवलेल्या होड्या तशाच किनाऱ्याला राहिल्या. कुणी तक्रार केली नाही. फक्त भाऊचा लेक नंदू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मधूकाका, तुमचा बावटा लई मळलाय. उतरवा, शेवंती धुऊन देईल." शेवंती त्याची बायको, वैशाखात लग्न झालेलं. ती मागेच उभी होती, तिने त्याच्या पाठीत कोपर मारलं. तिच्या डाव्या हातात हिरवा चुडा, उजवा हात मोकळा. कोळणीचा उजवा हात मोकळाच असतो. लग्नात त्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, बदल्यात त्याने नवऱ्याला सांभाळायचं. नंदूची होडी त्याच वर्षी बांधलेली, रांगेत पहिली. तीन दिवस खपून त्याने तिला पताका लावल्या होत्या.

मग तुम्ही, चौकीचे वरचे साहेब, आलात. होड्या पाण्यात का नाहीत म्हणून विचारलंत. मी खांबाकडे बोट केलं.

"वादळ कुठे दिसतंय तुला?"

आभाळ खरंच निळं होतं. मी तार पुढे केली. तुम्ही ती वाचलीत, दोनदा वाचलीत, घडी घातलीत आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलीत. डाव्या.

"दोन तास उतरव. पाहुणे गेले की चढव परत. स्वागताला काळं फडकं बरं दिसत नाही."

मी उतरवला. कच्ची नोकरी होती, गावी आई होती. तुम्हाला हे कारण वाटेल, मला आता वाटत नाही. बावट्याची घडी करून मी चौकीच्या बाकाखाली ठेवली. तेवढ्यात वाड्यातून ओरडा झाला, खाली आला, खाली आला, आणि पोरं होड्यांकडे धावली. तुमच्या माणसांनी आणखी एक केलं. होड्यांतली जाळी काढायला लावली, मांडवातून घाण दिसते म्हणून. जाळी काढलेली होडी म्हणजे नुसतं टरफल. पाण्यात बसत नाही, वर तरंगत राहते. त्यावर शिडं मात्र पुरी चढवायला लावली, कारण फोटोवाला आला होता.

भाऊ घरातून बाहेर आला, पाण्याकडे बघत उभा राहिला. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं आणि त्याखालून लाट फुगत येत होती, वारा नसताना. मला तेव्हा ते कळलं नाही, त्याला कळलं. तो नंदूकडे गेला आणि जाऊ नको म्हणाला. नंदू हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, बावटा खाली हाय. शपथ तुमीच घातली ना?"

भाऊने हात मागे घेतला. मग तो माझ्याकडे आला. एवढ्या गर्दीत तो एकटाच विचारायला आला.

"मधुकर, दुसरी तार आली ना रे?"

तुम्ही दहा पावलांवर होतात, टोपी नीट करत होतात. मी म्हटलं, "बावटा खाली आहे ना, भाऊ."

खोटं बोललो नाही, असं मला तेव्हा वाटलं.

सव्वाअकराला वारा आला. पाहुण्यांचं भाषण चालू होतं. मांडवाची कनात एकदम फुगली, एक खांब कलला. पाहुणे म्हणाले, वायुदेवही कारखान्याला आशीर्वाद द्यायला आला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. तुम्ही सगळ्यांत जास्त. मी बाहेर खांबाजवळ होतो. मागच्या होड्यांनी शिडं खाली टाकली आणि त्या खाडीत शिरल्या. नंदूची सगळ्यांत पुढे होती. शीड उतरवायला तो उठलेला मला दिसला. मग होडी आडवी झाली. पताका थोडा वेळ पाण्यावर दिसत होत्या, लाल, पिवळ्या. त्याच्याबरोबरचे दोघं फळीला धरून राहिले, त्यांना ओढून काढलं. नंदू सापडला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, अजून नाही.

मी धावत चौकीतून बावटा आणून चढवला. हे तुम्हीच करायला सांगितलं होतंत, पाहुणे गेले की. पाहुणे अजून चहा घेत होते.

तिसऱ्या दिवशी शेवंती माझ्याकडे वर्तमानपत्र घेऊन आली. अंधेरीच्या बाजारात तिच्या सासूच्या एका गिऱ्हाइकाने दिलं होतं, तुमच्या बंदराचं छापून आलंय म्हणून. तिला वाचता येत नव्हतं. तिला फक्त एवढं हवं होतं की वादळ झालं होतं असं कुठेतरी लिहिलेलं असावं. कारण तोवर वाड्यात बोलणं सुरू झालं होतं की नंदूलाच मिरवायची खाज, शीड टाकलं नाही. मी वाचायला लागलो. पहिल्याच पानावर शब्द होता. ती ऐकता ऐकता पुढे सरकली.

"वादळ लिवलंय ना? परत वाचा."

मी परत वाचलं. पाहुण्यांच्या भाषणानंतर टाळ्यांचं वादळ उठलं, असं लिहिलं होतं. नंदूची बातमी आत, चौथ्या पानावर तळाला, तीन ओळी. तिथे नुसता वारा होता. वाऱ्याने होडी कलंडून एक खलाशी बेपत्ता.

ती मागे सरकली. मग म्हणाली, "त्या वादळात किती बुडाले?" आणि वर्तमानपत्र माझ्या हातातून काढून घेऊन गेली. हातातला चुडा तिने फोडला नव्हता. भाऊ म्हणाला होता, प्रेत सापडलं नाही, तर पुढच्या नारळी पुनवेपर्यंत थांबू.

चौकशी झाली, तुमच्याच कचेरीत, तुमच्याच टेबलावर. वारा आणि वादळ यांत फरक असतो हे तुम्ही भाऊला समजावून सांगितलंत. ताशी अमुक मैलांच्या वर गेला तर वादळ. त्या दिवशी तेवढा गेला नाही, म्हणून वादळ नव्हतं, आणि वादळ नव्हतं म्हणून बावट्याचा प्रश्नच येत नाही. रिकाम्या होडीला पुरं शीड, हा खलाशाचा हलगर्जीपणा. भाऊ हात जोडून ऐकत होता. ज्याने साठ वर्षं वारा वाचला त्याला तुम्ही वारा शिकवलात, तोही त्याच्या लेकाच्या मरणावर.

मग मला विचारलं, उतरवायचा हुकूम कुणी दिला होता का. त्याआधी तुम्ही मला मागच्या व्हरांड्यात नेलं होतंत. म्हणाला होतात की नाहीतर तूच आपल्या मनाने उतरवलास असं होईल, आणि नीट बोललास तर नोकरी पक्की. मी म्हटलं, आठवत नाही. भाऊ माझ्या शेजारीच बसला होता.

नोकरी पक्की झाली. बक्षीस म्हणून माझी बदली झाली नाही, हीच शिक्षा. रोज सकाळी मी चौकी उघडायचो, भाऊ खांबाच्या बुडाशी येऊन बसायचा, दर्याकडे पाठ करून. आणि रोज एकदाच विचारायचा, दुसरी तार आली का रे. तक्रार नाही, शिवी नाही. चहा आला का विचारावं तसं. हो की नाही ते कळणार नाही अशी मी मान हलवायचो.

नारळी पुनवेला शेवंतीने खांबाच्या बुडाशी चुडा फोडला, जिथे शपथेचा नारळ फोडला होता तिथेच. बायका तिला घेऊन गेल्या. भाऊ बसून राहिला. काचा तशाच पडल्या होत्या, झाडणं माझं काम होतं. झाडू हातात घेऊन मी त्याला सांगितलं. दुसरी तार आली नव्हती. कधीच आली नव्हती. पहिली असतानाच उतरवला. साहेबांनी सांगितलं म्हणून.

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं कदाचित. त्याने काचांकडे बघितलं आणि विचारलं, "मग पहिली कुठं हाय?"

मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. तुमच्या कचेरीत चारदा येऊन गेलो. पहिल्यांदा तुम्ही कामात होतात, दुसऱ्यांदा फिरतीवर. तिसऱ्यांदा तुमच्या कारकुनाने दप्तर काढून दाखवलं, त्या तारखेला तार आल्याची नोंद नाही म्हणाला. चौथ्यांदा पट्टेवाल्याने आत सोडलं नाही. वादळ होतं की वारा होता, यावर मला तुमच्याशी बोलायचं नाही. तुमचे मैल तुमच्याजवळ ठेवा.

सातला आलेली तार. मी तुमच्या हातात दिलेली. घडी घालून डाव्या खिशात गेलेली. भाऊ अजून खांबाखाली बसतो, त्याला जाऊन काय सांगू ते लिहून कळवा. ती तार कुठे आहे?