गो म्हंजे जाणे

आमची विमल पाचवीत इंग्रजी घोकायची, “गो म्हंजे जाणे.” मलकापूरच्या बाजाराला निघताना मी गमतीनं म्हणालो, “गो.” माझी बायको मनकर्णा रागावली.

“येतो म्हना! इंग्रज जातो म्हणून गेले, ते वापस आले काय?”

श्रावणात तिला ताप भरला. दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली. गाडीत बसताना ती म्हणाली, “जातो.”

“येतो म्हन व,” मी म्हणालो.

ती हसली. “गो.”

दवाखान्यातच ती गेली.

आता दुपारी बाजेवर डोळा लागला की ती उंबऱ्याबाहेर उभी दिसते. तिला काय म्हणावं, मला सुचत नाही. काल विमल शेजारी बसून नवा धडा घोकत होती, “कम म्हंजे येणे.”

मी झोपेतच म्हणालो, “कम.”

मनकर्णा उंबरा ओलांडून आत आली.